फ्रेंच बरणी

बाळांनो, डोळे मिटा आणि अमेरिकेतल्या सनीव्हेल गावातलं एक अपार्टमेंट डोळ्यांपुढे आणा. साल १९८४, शनिवारची लख्ख दुपार. आठ वर्षांच्या नीलाची आई गराज सेलमधून, म्हणजे कुणीतरी घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, जुनी फ्रेंच बरणी घेऊन आली आहे. बरणीवर कुंभाराने रंगवलेलं कौलारू घर आहे, दार बंद असलेलं.

आईला अशा बरण्यांचा भारी नाद. तिची रीत ठरलेली. आधी टिचकीने वाजवून तडा नाही ना पाहायचं, मग उलटी करून बुडावरची कुंभाराची सही वाचायची.

तिने तीनदा वाजवली. टण्, टण्, टण्.

लगेच बाहेरून भिंतीवर तसाच आवाज आला. टण्, टण्, टण्. कपाटातल्या कपबशा थरथरल्या.

"आई, कोणीतरी आपलं घर टॅप करतंय!"

"शेजारचे चारुकाका असतील गं. त्यांची ठोकाठोक कधी संपते?"

नीला दाराकडे धावली. दाराची गोल मूठ फिरेना. दाराला फटच उरली नव्हती, आणि ते हाताला चिनीमातीसारखं थंड, गुळगुळीत लागत होतं.

"वा, तडा नाही! आता सही बघू."

"आई, नको!"

आईने बरणी दोन्ही तळव्यांत धरून उचलली. त्याच क्षणी, बाहेरून कोणीतरी प्रचंड तळवे टेकवावेत तशा, सगळ्या खिडक्या अंधारल्या.

नीलाने ती न फिरणारी मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.