ब्राइटनेसची पट्टी

“अजून थोडं,” हौसराव म्हणाले.

मोनालीने ब्राइटनेसची पट्टी माऊसने आणखी उजवीकडे ओढली. मॉनिटरवरच्या मुलीचा चेहरा उजळला, साडीचे काठ फिके पडले आणि मागचा निळा पडदा पार पांढराफटक झाला. ती मुलगी, भाग्यश्री, वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसून स्वतःला गोरं होताना पाहत होती.

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर येऊन वर्ष होत आलं होतं. त्याआधी स्थळासाठीचा फोटो उजळ हवा असेल तर मुलीच्या तोंडावर पावडर थापायची आणि दिवे वाढवायचे. आता एक चौकट उघडायची, पट्टी सरकवायची आणि ओके दाबायचं. तुळशीचं लग्न लागलं की मोनालीच्या हाताला दुसरं कामच नसे. येणारा प्रत्येक बाप तेवढंच मागायचा. मुलाचा फोटो जरा गोरा करून द्या म्हणून आजवर एक माणूस आला नव्हता. मुलगे कोळशाच्या वखारीतून उठून आले तरी चालत होते. मोनाली स्वतः सावळी होती आणि या सगळ्याची तिला मनापासून चीड होती.

“काका, आहे तसाच फोटो छान आलाय,” ती म्हणाली. “डोळे बघा की तिचे.”

“डोळं कोण बघतंय, पोरी?”

हौसराव इनामगावचे. घरची शेती, बोलणं शांत. भाग्यश्री शिरूरच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, लग्न जमलं की कॉलेज बंद, हे त्यांनी भाड्याची खोली सोडावी इतक्या सहज सांगितलं. आधीची स्थळंही त्याच सुरात सांगितली. माणसं फोटो बघून यायची आणि मुलगी बघून उठायची. एका वरमाईने तर चहाला हातही लावला नाही. फोटोत एक आणि समोर एक, असं तिने ओसरीवर सगळ्यांसमोर ऐकवलं होतं.

मग पुन्हा उजळ फोटो कशाला, असं मोनालीने विचारलं. तिचा आवाज चढला होता, पण हौसरावांना ते कळलं नाही. काळा फोटो पाठवला तर दारात तरी कोण येईल, असं म्हणून त्यांनी मुलीकडे पाहिलं.

“बास का गं?”

भाग्यश्री पुढे वाकली. तिने मॉनिटर नीट न्याहाळला.

“कपाळ अजून काळं दिसतंय,” ती म्हणाली. “अजून करा, ताई.”

मोनालीने वळून तिच्याकडे पाहिलं. या पोरीला घरात उठता-बसता काय काय ऐकवलं असेल, की आता तिलाच आपलं कपाळ बघवत नाही. आणि बाप शेजारी बसून मान डोलावतोय. मनात आलं तेवढं बोलली असती तर मालकाने त्याच दिवशी तिला घरी पाठवलं असतं. तिने दात आवळून पट्टी सरकवली. नाकाच्या जागी दोन ठिपके उरले, तेव्हा कुठे बापलेकीचं समाधान झालं.

हौसराव घाईत होते. यवतचे सोपानराव मध्यस्थी करत होते आणि ते स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होते. त्यांच्या हातात पाकीट द्यायचं होतं. कॉम्प्युटरवर बघितलं म्हणजे झालं, आता पाकीट चिकटवूनच दे, असं सांगून ते लेकीला घेऊन पायरीवर जाऊन उभे राहिले.

मोनालीसमोर चौकट अजून उघडीच होती. तिच्यात ‘प्रिव्ह्यू’पुढे बरोबरची खूण होती, म्हणून पडद्यावर तो गोरेपणा दिसत होता. खऱ्या फोटोला अजून काहीच झालं नव्हतं. ओके दाबेपर्यंत ते सगळं नुसतं दाखवण्यापुरतं असतं. हौसरावांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मोनालीने कॅन्सल दाबलं.

भाग्यश्री होती तशी परत आली. सावळी, ठसठशीत, थोडी रागीट. मोनालीने प्रिंट काढली, पाकिटात घातली आणि डिंक लावून पाकीट बंद केलं. ज्याला ही मुलगी हवी असेल त्याने हिला बघूनच यावं, नाहीतर आपल्या घरी बसावं. यापुढे ओसरीवर तिचा कुणी अपमान करणार नाही. हौसरावांनी पाकीट न उघडता सोपानरावांच्या हातात दिलेलं तिने काचेतून पाहिलं आणि त्या दुपारी तिला डबा गोड लागला.

मार्गशीर्ष सरता सरता भाग्यश्री एकटीच स्टुडिओत आली. मोनालीने हातातलं काम टाकून तिला स्टूल दिलं. ती बसली नाही.

“फोटो तुम्हीच बदलला ना?” तिने विचारलं.

मोनालीने मान डोलावली. लपवण्यासारखं काही केलंय असं तिला वाटत नव्हतं. तू आहेस तशी चांगली आहेस, ज्यांना पटत नाही त्यांनी येऊच नये, असं तिने सांगूनही टाकलं.

“पटलं त्यांना,” भाग्यश्री म्हणाली. “फोटोत हाय तशीच पोरगी हाय म्हणाले. चहा घेतला, परवा सुपारी फोडली. आबांनी कॉलेजातनं नाव काढलं.”

मोनाली अभिनंदन करायला पुढे झाली. भाग्यश्री रागाने मागे सरकली.

“उजळ फोटोचा हट्ट आबांचा नव्हता, ताई, माझा व्हता. माणसं फोटो बघून यायची, मला बघून उठून जायची, आन् मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात असायची.”