खारट दूध

पिराजी गवळ्यानं हौसेनं मागितली, म्हणून यज्ञेश्वर मास्तरांनी त्याच्या दोन म्हशींना नवी नावं दिली: मिलेटस आणि प्रिएनी. आयोनिया या ग्रीक प्रांतातली ही जुनी बंदरं. आपला ‘यवन’ हा शब्द त्या प्रांताच्या नावावरूनच आला, असं मास्तर इतिहासाच्या तासाला रंगून सांगत.

म्हशी नव्या नावांना ओ द्यायला शिकल्या आणि त्यांचं दूध खारट लागू लागलं.

“तुमची नावं परत घ्या, मास्तर!” भर दुपारी पंचगंगेच्या घाटावर पिराजी कडाडला. “गिऱ्हाईक तुटाय लागलं. जुन्या नावानं हाक मारली, तर कान बी हलवंनात.”

“नावानं दूध खारट होतंय होय रे? मार बघू हाक.”

पिराजीनं हाक मारली. नदीत डुंबणाऱ्या दोन्ही म्हशी मुकाट वर आल्या. उन्हात पाठी वाळल्या, तसा त्यांच्यावर पांढरा थर दिसू लागला. मास्तरांनी बोट लावून चाखलं. मीठ होतं.

“ती बंदरं अजून हायती?” पिराजीनं हळूच विचारलं.

“गाळ साचत गेला आणि समुद्र त्यांना सोडून लांब गेला. नावं तेवढी उरली.”

तेवढ्यात घाटाच्या पायरीवरचं पाणी मागं सरलं. मग खालच्या पायरीवरचं. कधी न दिसलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या, त्यांवर मासे तडफडू लागले.

मास्तरांचं बालपण रत्नागिरीला गेलं होतं. त्यांना ओहोटी ओळखू आली.

“पिराजी, म्हशी घेऊन पळ!”

पिराजीनं हाक मारायला तोंड उघडलं. त्याच्या आधी नदीतूनच हाक आली. आधी मिलेटसला, मग प्रिएनीला.

हाकेसरशी म्हशी वळल्या आणि रोजच्यासारख्या निघाल्या.