डावीकडचं वजन

तिसऱ्या दिवशी सकाळी महारुद्र धरणाच्या काठाला आला, तेव्हा शिवप्रकाश आपल्या बोटीत पाण्याच्या पिशव्या भरत होता. महारुद्र मासे धरणारा. तीन दिवसांत त्यानं जाळं टाकलं नव्हतं.

"ही बोट मोठी लाट उठवती म्हणत्यात. खरंय का?"

शिवप्रकाशनं पंप बंद केला. बोट पंचवीस वर्षांची, स्कीवर उभ्या माणसाला ओढण्यासाठी बनवलेली. मागं पाणी सपाट राहावं अशीच तिची घडण. आता आलेल्या नव्या खेळाला मात्र उलटं हवं होतं. मागं कमरेएवढी लाट, आणि त्या लाटेवर फळी घेऊन उभा माणूस. त्यासाठी बोटीचा मागचा एक कोपरा जड करून पाण्यात दाबावा लागतो. ताडपत्रीच्या दोन मोठ्या पिशव्या त्यानं मागं डावीकडं ठेवल्या होत्या आणि एक छोटी पुढं नाकाशी. आठ दिवस तो हेच जमवत होता.

"उठवती. कामून?"

महारुद्रनं समोर बोट केलं. काठापासून दूर, बुडालेल्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर आले होते.

"तात्यारावांचा गोपाळ तिथं अडकलाय. गळ टाकून झाले. आमच्या वल्ह्यानं पाणी हलंना. तुमची लाट आत शिरली तर सुटंल."

गोपाळ परवा मोटारीच्या पाइपाच्या तोंडावरचं शेवाळ काढायला पाण्यात उतरला होता, तो वर आलाच नव्हता. त्याचे वडील तात्याराव महारुद्रच्या मागं उभे होते. पायात चपला नव्हत्या.

"भरून होऊ द्या," शिवप्रकाश म्हणाला.

पण घाईत मागची दुसरी पिशवी शिवणीत फाटली. बादलीनं पाणी उपसता उपसता तो म्हणाला, "एका पिशवीनं लाट उठणार न्हाई. तिच्या जागी माणसं बसवावी लागतील. तिघं तरी."

महारुद्रला आपली होडी घेऊन बाभळीजवळ थांबायचं होतं. तात्यारावांचे दोन पुतणे पुढं झाले. मग तात्याराव आले.

"काका, तुमी काठाला थांबा."

"तीन दिस काठालाच हाव." त्यांनी शिवप्रकाशच्या हातातलं लाइफ जॅकेट घेतलं. "साठ किलो भरतो मी. कुठं बसू?"

शिवप्रकाशनं जागा दाखवली. "इथं. कडेला पाठ लावून. आन् काय बी दिसलं तरी उठायचं न्हाई. कोपरा पाण्यात जाईल."

बोट निघाली. डावा कोपरा दबला, पाणी कडेपासून चार बोटांवर आलं. पहिल्या फेरीला वेग जास्त झाला. मागं नुसता फेस. दुसऱ्या फेरीला त्यानं वेग कमी केला, नाकाशी असलेली पिशवी एका पुतण्याला थोडी मागं ओढायला लावली. तेव्हा लाट उठली. गुळगुळीत, सलग, कमरेएवढी. आठ दिवसांत अशी एकदाही साधली नव्हती. शिवप्रकाश वळून तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याची नजर तात्यारावांवर गेली आणि त्यानं मान पुढं फिरवली.

लाट बाभळीत शिरली. शेंडे बुडाले, वर आले. बगळे उडाले.

तिसरी फेरी. चौथी. पाचव्या फेरीनंतर त्यानं इंजिन मंद केलं. लाट आत जाऊन विरली आणि दोन खोडांच्या मधे काहीतरी पांढरं हळूच उलटलं.

"गोपाळ!" एक पुतण्या अर्धा उठला. कडेवरून पाणी आत आलं.

तात्यारावांनी त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. स्वतः जागचे हलले नाहीत.

"सदरा त्याचाच हाय," ते शिवप्रकाशला म्हणाले. "महारुद्रला हाक मारा."

होडी काट्यांतून आत जायला आणि बाहेर यायला अर्धा तास लागला. पाणी शांत झालं होतं.

काठाला अॅम्ब्युलन्स उभी होती. गोपाळच्या आईला, सरजाबाईंना, बायांनी धरून ठेवलं होतं. तात्यारावांनी चादर स्वतः बाजूला केली, बघितलं, परत नीट ओढली. जमादार पंचनामा लिहीत बसले.

शिवप्रकाश बोटीत पिशव्या रिकाम्या करत होता. तात्याराव तिथं आले. त्यांनी जॅकेट काढलं, पट्टे आत घालून घडी केली आणि बाकावर ठेवलं.

"ह्ये कशासाठी करायलाव तुमी?"

शिवप्रकाशला सांगायला जड गेलं. "खेळ हाय, काका. लाटंवर फळी घेऊन उभं ऱ्हायचं."

"पडत न्हाई माणूस?"

"सुरुवातीला दोर असतो हातात. बोटीला बांधलेला."

"आन् मंग?"

"लाटंनं उचललं की दोर सोडून द्यायचा. म्होरं लाटच नेती."

तात्यारावांनी पाण्याकडं बघितलं.

"सोडून द्यायचा," ते म्हणाले.

जमादारांनी हाक मारली. लिहून झालं होतं. आता शवविच्छेदनाला जिंतूरला न्यायचं होतं. तात्याराव उतार उतरावा तसे सावकाश पावलं टाकत गेले आणि अॅम्ब्युलन्समधे चढले. मागचं दार लागेपर्यंत शिवप्रकाशला दिसत होतं : त्यांनी स्ट्रेचरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.