आत्याचा वाटा

“बाबा, आत्याचा वाटा काढा ना. फक्त शुक्रवारपर्यंत,” लेक तिसऱ्यांदा म्हणाली.

“तिचं काम चालू आहे,” पडद्यावरच्या मीटरवरची नजर न काढता दादा म्हणाले.

दादा दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत आणि उरलेल्या वेळात घरचा सर्व्हर सांभाळत. तो होता धुण्याच्या मशीनशेजारी, एका जाळीच्या कपाटात. त्यात ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रांचं जड काम ओढणारा भाग, एकच. त्याचे तीन वाटे करून दादांनी तीन व्हर्च्युअल मशीनना दिले होते, म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात तीन भाडेकरू. एक लेकीचं. एक बायकोचं, ती लोकांच्या समारंभांचे व्हिडिओ जोडून द्यायची. तिसरं दादांच्या धाकट्या बहिणीचं. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि तिथूनच त्यावर काम करायची. स्वतःसाठी दादांनी काहीच ठेवलं नव्हतं. वाढणाऱ्यानं शेवटी बसावं, असं त्यांचं मत.

लेकीची अडचण खरी होती. वास्तुरचनेच्या वर्गात तिला आपण आखलेलं ग्रंथालय आतून फिरवून दाखवायचं होतं, आणि ते अख्खं ग्रंथालय तिच्या वाट्यात मावत नव्हतं. वापरा न वापरा, दिलेला वाटा अडूनच राहायचा. एकाचा वाढवायचा तर दुसऱ्याचं मशीन काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“दिवसातनं अर्धा तास येते ती!” लेक म्हणाली. “नऊ ते साडेनऊ.”

“येते ना? मग झालं तर.”

या ‘येते ना’मागे दोन वर्षांचं दुखणं होतं. धाकटी कार्टून फिल्म करायची. स्पर्धेसाठी एका होडीच्या फिल्मची चित्रं तयार करायला तिनं मशीनला लावलेलं काम तीन दिवस चाललं होतं, आणि दादांनी तिला न विचारताच सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. काय तर म्हणे, त्याच्या पंख्याचा आवाज येत होता! त्या तीन दिवसांचं काम पाण्यात गेलं, स्पर्धाही हुकली. धाकटीनं भांडणसुद्धा केलं नाही, नुसता फोन उचलायचा बंद केला. दादांनी महिनाभर फोन लावले. पुढे त्यांना लाज वाटायला लागली.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. ज्याचं मशीन त्याला कळवायचं, एक दिवस वाट बघायची, मगच मशीनला हात लावायचा. बायकोच्या मशीनलाही हाच नियम.

आणि सात महिन्यांपूर्वी एका सकाळी नऊला धाकटीच्या मशीनवर कार्ड किती राबतंय ते दाखवणारा मीटर हलला. दुसऱ्या दिवशीही हलला. तेव्हापासून दादा रोज नाश्त्याची बशी घेऊन त्या पडद्यासमोर बसत. बायको त्याच वेळी आतल्या खोलीत आपल्या कामाला बसे, त्यामुळे दादांच्या तंद्रीत कुणी अडथळा आणत नसे. बोलत नसली तरी बहीण आपल्या घरातला वाटा वापरतेय, म्हणजे सगळंच काही तुटलेलं नाही. या एका गोष्टीवर दादांचा दिवस छान जायचा.

“मला पाच मार्कांनी नापास करतील,” लेक म्हणाली.

आतल्या खोलीत व्हिडिओंची यादी लिहीत असलेल्या बायकोनं पेन खाली ठेवलं आणि ती बाहेर आली.

“अहो, तिचं मशीन काढा. ती येत नाही. मी येते.”

“कुठे?”

“तिच्या मशीनवर. पासवर्ड मागे तिनंच दिला होता मला. रोज नऊला तिची ती अर्धी राहिलेली होडीची फिल्म लावून ठेवते आणि साडेनऊला बंद करते.”

दादांनी मीटरकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“कशासाठी पण?”

“पहिल्या दिवशी सहज लावली, कुठवर आली होती ते बघायला. त्या सकाळी कित्येक महिन्यांनी तुम्ही पोटभर खाल्लंत. मग मला सोडवेना.” तिचे डोळे भरून आले. “चुकलंच माझं.”

दादांना राग यायला हवा होता. आला नाही. लिफ्टचा दोर हातातून सुटावा तसं मात्र झालं.

“बाबा, राहू दे,” लेक घाईघाईनं म्हणाली. “मी एकेक मजला वेगळा काढीन. जमेल मला.”

“नको. रिकाम्या पाटावर किती दिवस वाढत बसायचं?” दादा म्हणाले. “पण नियम तो नियम. कळवतो.”

एरवी ठरलेला मजकूर आपोआप जाई. आज दादांनी तो पुसला आणि एका बोटानं टाइप केलं: ‘तुझा वाटा काढायचा आहे. त्या वेळी विचारलं नव्हतं, माझं चुकलं. आज विचारतोय. काढू का?’ पाठवताना त्यांना कितीतरी हलकं वाटलं. इतकं सोपं होतं ते, पण दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

दिवसभर उत्तर आलं नाही. आदली दोन वर्षं आलं नव्हतं, ते एका दिवसात कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बशी न घेताच पडद्यासमोर बसले. शेजारी लेक वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती. एक दिवस पुरा झाला होता. दादांनी ‘मशीन काढा’वर बाण नेला.

मीटर हलला. दहा, तीस, साठ करत पार टोकाला जाऊन थांबला.

“आता पुरे कर गं!” दादा आतल्या खोलीच्या दिशेनं ओरडले. “काल सगळं सांगितलंस ना? मग आज परत कशाला लावलंस?”

“काय लावलं?” असं विचारत बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होते.