चपलांच्या गल्लीतली हाक

घशाच्या ऑपरेशननंतर बळवंतचा आवाज कायमचा गेला. कोल्हापुरी चपलांच्या गल्लीत त्याच्या हाकेवर चालणारं दुकान आता त्याच्या बायकोला, रत्नमालाला, चालवायचं होतं. दोन्हीकडचे दुकानदार ओरडून गिऱ्हाईक खेचायचे. ती चपला पुसत बसायची. मागे स्टुलावर बसलेला बळवंत हातानं खुणावायचा, बोलव.

"मला न्हाई जमायचं," ती म्हणायची.

एका दुपारी एक बाई दारावरून पुढं निघाली. शेजारचा तिला बोलावणार, तेवढ्यात रत्नमाला पायरीवर येऊन मोठ्यानं म्हणाली, "ताई, पायात घालून तर बघा. चावली तर परत आणा."

बाई आत आली. त्या दिवशी रत्नमालाचा आवाज थांबला नाही आणि दुकानातली गर्दीही. तिनं हसून मागं पाहिलं. बळवंतही हसत होता, पण त्याचे डोळे भरले होते; दिवसभरात त्याला एकदाही खुणावावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागा होता, पण अंथरुणातून उठेना.

"चला की, उशीर होतोय," रत्नमाला म्हणाली.

त्यानं उशाखालची दुकानाची किल्ली तिच्या हातात दिली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

रत्नमालानं एकटीनं दुकान उघडलं. गल्लीमागच्या घरात पडलेल्या बळवंतला ऐकू जावं, अशा आवाजात ती दिवसभर गिऱ्हाइकांना बोलावत होती.