पांढरं करडू

भर दुपारी शेळ्या अंगणात उभ्या होत्या, शेवाळासारख्या हिरव्या आणि अगदी गप्प. उन्हानेच त्यांचं पोट भरायचं. त्यांना चारायला नेलेलं गोजराने कधी पाहिलंच नव्हतं.

तिच्या मांडीवर मात्र एक करडू निपचित पडलं होतं. ते जन्मालाच पांढरं आलं होतं. आईचं दूध आटल्यापासून चार दिवस ती त्याला उन्हात घेऊन बसत होती, पण ऊन त्याच्या अंगी लागत नव्हतं.

"मामंजी, हे जातंय हो हातचं," तिने सासऱ्यांना हाक मारली.

ऐंशीचे सासरे बाजेवरून उठले. "भाजतेस कशाला त्याला? पाला घाल."

"खायला? शेळीला?"

"नाहीतर काय, डोक्यात माळायला?"

गोजरा धावत गेली आणि कुंपणाची कण्हेर फुलांसकट ओरबाडून घेऊन आली. म्हाताऱ्याने ती हातातून हिसकावली. "अगं, विष आहे ते! बांधावरच्या बोरीचा आण."

ती ओरखडलेल्या हातांत बोरीचा पाला घेऊन परतली. करडाने पाल्याचा वास घेतला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याने एक पान ओढलं, पाठोपाठ दुसरं. चघळण्याचा बारीक, ओलसर आवाज अंगणात पसरला. गोजरा श्वास रोखून ऐकत राहिली.

"जगतंय," सासरे पुटपुटले.

तेवढ्यात एका हिरव्या शेळीने मान वळवली. मग दुसरीने. करडाकडे बघत उभ्या असलेल्या त्या सगळ्यांचे रिकामे जबडे हळूहळू हलू लागले.