लग्नाआधीची तपासणी

“सिकलसेल आईबापांपैकी एकाच्याच रक्तात असलं, तर लेकराला हा आजार होत नाही. दोघांच्याही असलं, तरच होऊ शकतो,” अमरावतीच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी समजावून सांगितलं. रश्मीच्या मांडीवर चिमुकली सम्यका पाय दुखतात म्हणून कण्हत होती. “लग्नाआधी रक्त तपासलं नव्हतं का?”



“म्या तपासलं होतं,” रश्मी म्हणाली. “माह्या रक्तात निघालं होतं. सोयरीक मोडन म्हणून मायनं सांगू नाही देलं. म्हने, पोराच्या रक्तात थोडंच असन.”

नवरा सुगत आता चारचौघांत बोलेल, म्हणून ती मान खाली घालून बसली.

लेकीचे पाय चेपता चेपता सुगत थांबला.

“माही मायही हेच म्हने,” तो म्हणाला. “पोरीच्या रक्तात थोडंच असन.”